तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलवर दिसतं, तरी मॅचला कशाला जाता?

ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला येतो. “एनबीए, ती अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, मोबाइलवर दिसते. जगातले सगळ्यात भारी खेळाडू घरबसल्या बघायला मिळतात. मग पुण्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या बास्केटबॉल मॅच बघायला तुम्ही एवढ्या लांब कशाला जाता?” विचारणारे मनापासून विचारतात, आणि जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

एनबीए मीही बघते, पहाटे उठून बघते. पण कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि बास्केटबॉलमधला निम्मा खेळ चेंडूपासून लांब चाललेला असतो. कोर्टवर दहा जण, चेंडू एकाच्या हातात. उरलेले नऊ जण त्या वेळी काय करतायत त्यावर पुढचे दोन गुण ठरतात. कोण पिक लावायला (सहकाऱ्यामागच्या बचावपटूची वाट अंगानं अडवायला) निघालंय, कोण बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या रेषेवरून, गुपचूप आत शिरतंय, कोण दमून गुडघ्यांवर हात टेकून उभं आहे, हे टीव्हीवर दिसलं तर रिप्लेत दिसतं, तेही शेवटी बास्केट झाली तरच. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. मधल्या रेषेजवळ बसलं की ते सगळंच्या सगळं नजरेत मावतं आणि कुठे बघायचं ते आपलं आपण ठरवतो.

एका मॅचबद्दल सांगते. मुलींची आंतरमहाविद्यालयीन मॅच होती, सिमेंटच्या कोर्टवर. एका संघात एक उंच, डावखुरी मुलगी होती. आधीच्या सामन्यात तिनं एकटीनं समोरच्यांना लोळवलं होतं, त्यामुळे सगळे तिलाच बघायला आले होते. तिच्यावर दुसऱ्या संघानं सात नंबरची एक बुटकी मुलगी लावली. मॅचचे दहा-दहा मिनिटांचे चार भाग, म्हणजे क्वार्टर, असतात. दुसऱ्या क्वार्टरपासून मी चेंडू बघणंच सोडून दिलं आणि फक्त या सात नंबरला बघत बसले.

ती डावखुरीच्या आणि चेंडूच्या मध्ये, हातभर अंतरावर. एक हात पासच्या वाटेत ताणलेला, दुसऱ्या हाताची मूठ डावखुरीच्या कमरेपाशी जेमतेम टेकलेली, म्हणजे नजर चेंडूवर असली तरी डावखुरी कुठे सरकली ते हाताला कळावं. चेंडू पलीकडच्या बाजूला गेला की सात नंबर एक पाऊल आत रिंगकडे यायची, मदतीला. परत इकडे आला की एक पाऊल बाहेर. आत, बाहेर, आत, बाहेर, पूर्ण क्वार्टरभर. खेळ थांबला की बोटं जिभेला लावून बुटांचे तळवे पुसायची, कारण सिमेंटवर बारीक धूळ असते आणि बूट सटकतात. मागून तिच्या मैत्रिणी सतत बोलत होत्या. “पिक येतोय, डावीकडून!” “तू जा, मी आहे मागे!” ही सगळी बडबड म्हणजे बचाव. ज्या संघाचा बचाव गप्प पडला तो संघ दमलाय, हे स्कोअरबोर्डच्या आधी कानाला कळतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये डावखुरी वैतागली. स्वतःच्या पॉइंट गार्डवर (चेंडू पुढे आणून पास देणाऱ्या मुलीवर) ओरडली, “अगं, दे ना मला!” गार्डनं ड्रिबल करता करताच उत्तर दिलं, “कशी देऊ? दिसतेयस का तू मला?”

हे वाक्य कुठल्याही प्रक्षेपणात ऐकू आलं नसतं. माझ्या मते त्या मॅचचा निकाल तिथेच लागला. चोवीस सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट मारावाच लागतो) संपत आलं की त्यांना कुठूनतरी, कसातरी शॉट मारावा लागत होता.

शेवटच्या मिनिटाला सात नंबरचा संघ दोन गुणांनी पुढे होता, पण त्यांचे क्वार्टरमधले चार टीम फाऊल (संघाचे मिळून मोजलेले फाऊल) होऊन गेले होते. पाचव्याला समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे, एकेका गुणाचे शॉट) मिळतात, म्हणजे बरोबरी. कोच बाकावरून ओरडत होते, “हात नको! पायांनी अडव!” आणि सात नंबरनं खरंच दोन्ही हात वर सरळ धरले आणि नुसत्या पायांनी अडवलं. डावखुरीला अखेर चेंडू मिळाला तो साइडलाइनला चिकटून, मागे झुकून मारायला. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळला, रिबाऊंड, म्हणजे उसळून परत आलेला चेंडू, बचाव करणाऱ्यांना मिळाला, आणि मॅच तिथेच संपली.

नंतर मी नोंदी ठेवणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन स्कोअरशीट बघितली. त्या कागदावर मुख्यतः गुण आणि फाऊल लिहितात. सात नंबरच्या नावापुढे दोन गुण आणि तीन फाऊल, बस्स. त्या दिवशी तिथे नसलेल्या कुणालाही तो कागद दाखवला तर तो म्हणेल, ही मुलगी काही खास खेळली नाही. मी तिला गाठून सांगितलं की आजची मॅच तू जिंकलीस. ती खांदा चोळत म्हणाली, “काकू, ती कसली भारी आहे हो. धरून धरून हात भरून आला माझा.”

मी जाते ती या मुलीसाठी. जवळपास प्रत्येक मॅचमध्ये अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असतोच, आणि त्याची नोंद बघणाऱ्याच्या डोळ्यांतच होते. बघणारा नसेल तर ती कुठेच होत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग मोठी मॅच प्रत्यक्ष बघितलीत का कधी? बघितली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले. भारतात एनबीएच्या संघांनी खेळलेले ते पहिलेच सामने, हंगामपूर्व असले तरी. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. ४ तारखेचा सामना प्रामुख्यानं शाळकरी मुलांना दाखवला गेला आणि पेसर्सनी तो जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. एका गुणाचा, जादा वेळेतला सामना, आणि गॅलरी भरून पोरं! त्यांचा मला अजून हेवा वाटतो. आम्ही पुण्याहून गेलो ते ५ तारखेच्या सामन्याला. तो पेसर्सनी १३०-१०६ असा आरामात घेतला.

तिथे जे दिसलं ते टीव्हीनं मला कधीच दाखवलं नव्हतं: आकार. जवळपास सात फुटी माणूस टीव्हीवर इतर सात फुटी माणसांमध्ये उभा असतो, म्हणून साधा दिसतो. डोममध्ये तोच माणूस चेंडू उचलणाऱ्या पोराशेजारी उभा राहिला तेव्हा रिंग ३.०५ मीटरवर असण्याचा अर्थच बदलला. आणि एवढा मोठा देह इतक्या चटकन वळतो, हे तर बघूनही पटत नाही. वॉर्मअपमध्ये एकामागून एक शॉट जाळीतून जात होते आणि रिंगचा आवाजच येत नव्हता. मात्र एकदा सामना सुरू झाल्यावर लाउडस्पीकरवरचं संगीत काही थांबेना. खेळाडू एकमेकांना काय सांगतायत ते ऐकायला मी कान लावून बसले होते, एक शब्द आला नाही. तो अनुभव मी कुणाला देऊन टाकणार नाही, पण वर्षभर जे बघायचं ते मला आपल्याकडच्या कोर्टवरच बघायचंय.

आपल्याकडे गर्दी नसते, हे खरं. पण जे असतात ते जाणून असतात. माझ्या शेजारी हमखास एक काका बसतात, ऐन तारुण्यात विद्यापीठाकडून खेळलेले. टीम फाऊल बोटांवर मोजतात आणि टाइमआऊट (संघाशी बोलायला खेळ थोडा वेळ थांबवणं) घ्यायची वेळ झाली की कोचच्या आधी स्वतःच हातानं ‘टी’ करतात. दुसऱ्या हाफमध्ये तीनच टाइमआऊट असतात, त्यातले दोन शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखायचे, हे गणित मला त्यांनी शिकवलं. त्या वेळी टाइमआऊट घेतला की चेंडू थेट पुढच्या अर्ध्यातून आत घेता येतो, अख्खं कोर्ट पळत जायचं वाचतं. हे कळल्यापासून शेवटची दोन मिनिटं मी उभ्यानंच बघते.

मुलींच्या मॅचना तर त्याहून कमी लोक, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिरीन लिमये आपल्या पुण्याची. भारताच्या महिला संघाकडून वर्षानुवर्षं खेळली, संघाची कर्णधार झाली. २०१७ साली बेंगळुरूमध्ये भारतीय महिलांनी आशिया कपच्या ब विभागाच्या (दुसऱ्या श्रेणीच्या) अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. दोन गुणांनी! क्रिकेटमध्ये असं काही झालं असतं तर आपल्याला चेंडू न् चेंडू पाठ असता. अशा मुली घडतात त्या शाळा-कॉलेजांच्या आणि क्लबांच्या कोर्टांवर, आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मुलींचा सामना आधी असतो, मुलांचा नंतर, आणि बरेच लोक दुसऱ्याच्या वेळेला येतात. तुम्ही आधी या.

कुठे, तेही सांगते. पाऊस ओसरला की शाळांचे आणि कॉलेजांचे सामने सुरू होतात. पुण्यातली बरीच कोर्ट उघडी आहेत, त्यामुळे भर पावसाळ्यात गेलात तर ओली जमीन बघून परत यावं लागेल. डेक्कन जिमखान्याच्या बाजूला जाणं होत असेल तर कोर्टकडे एक चक्कर मारा, फलक वाचा, खेळणाऱ्या मुलांना विचारा. पुढची मॅच कधी आणि कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. स्थानिक सामन्यांना बहुतेक वेळा तिकीट नसतं. टोपी आणि पाणी घेऊन या, सिमेंटच्या पायऱ्यांवर अंथरायला काहीतरी आणा.

आणि एक कराच. पहिला क्वार्टर चेंडू बघा, कारण बघितल्याशिवाय राहवणार नाही. दुसऱ्यात एक खेळाडू निवडा, शक्यतो गुण न करणारा, आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. काही कळलं नाही तर मी टेबलाच्या समोरच्या बाजूला, मधल्या रेषेजवळ बसलेली असते. खुशाल येऊन विचारा, मॅच चालू असली तरी.