लेकव्ह्यू फ्लॅट आणि तीन फुटी पाईप

मी वकील आहे पण कोर्टात फार कमी उभी राहते, माझं काम सर्च रिपोर्टचं. कोणी फ्लॅट, प्लॉट, दुकान घ्यायला निघालं की त्या जमिनीचा मागचा तीस वर्षांचा इतिहास काढायचा, सातबारा, फेरफार म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी, मंजूर प्लॅन सगळं बघायचं आणि लिहून द्यायचं की विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, कुठे बोजा आहे का, कुठे दावा चालू आहे का. चौदा वर्षं हेच करतेय. बहुतेक कामं आठवड्यात उरकतात आणि नंतर पार्टीचं नावसुद्धा आठवत नाही. हे एक मात्र डोक्यातून गेलं नाही.

आंबेगाव बुद्रुकचं काम होतं. पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, कात्रजच्या पुढे, हायवेच्या कडेला जांभुळवाडीचा तलाव आहे, दरीपूल आणि नवीन बोगद्याकडे जाताना दिसतो. मी वकिली सुरू केली तेव्हा तिकडे शेतं होती, कॉलेजं होती आणि मधे मधे चार-पाच मजली इमारती. आता तलावाच्या बाजूची खिडकी असेल तर तिचे वेगळे पैसे लावतात. आंबेगाव ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आलं, जांभुळवाडी २०२१ मध्ये, त्याआधी ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी, मग पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. म्हणजे एकाच जमिनीचे कागद चार ठिकाणी विखुरलेले असतात आणि ते सगळे एका टेबलावर आणणं हेच अर्धं काम असतं.

पार्टी म्हणजे नवरा-बायको, दोघं तिशीतले. तो एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, ती बालवाडीत शिकवते, एक लहान मुलगी. मूळचे करमाळा तालुक्यातले. टू बीएचके, किंमत ६२ लाख, त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ३४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. डाऊन पेमेंटसाठी नवऱ्याच्या वडिलांनी, आबांनी, गावाकडची दोन एकर विकली होती. हे त्याने मला मान खाली घालून सांगितलं. लोन मंजूर होतं, दोन लाख टोकन दिलं होतं आणि बिल्डरच्या ऑफिसातून रोज फोन, रविवारच्या आत अजून दहा लाख भरा नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला जाईल. मी पहिल्या दिवशीच सांगितलं की करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याचं कलम १३ आहे, तुमच्या हिशोबात ते ६ लाख २० हजार होतात, त्यामुळे आधी करार मग पैसे. त्यांना हे कोणीच सांगितलेलं नव्हतं.

कागद तसे नीट होते. महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर होता, प्लॅन मंजूर, एनए झालेलं, सातबाऱ्यावर बिल्डरचं नाव, प्रोजेक्ट लोनचा बोजा होता पण त्या बँकेचं ना-हरकत पत्र मिळत होतं. मी 'टायटल क्लिअर' लिहून दिलं असतं तर कायद्याने मला कोणी बोट लावलं नसतं. पण माझी एक सवय आहे, हल्लीचा छापील सातबारा बघून मी थांबत नाही, जुना हाताने लिहिलेला काढते. आता 'आपले अभिलेख' नावाच्या सरकारी पोर्टलवर स्कॅन केलेले बरेच मिळतात, नाही मिळाले तर अर्ज करून नक्कल घ्यायची. तर त्या गटाच्या, म्हणजे त्या जमिनीच्या तुकड्याच्या, जुन्या पानावर, शाई उडालेली, बाजूला कोणाच्या तरी सह्या, एका ओळीत लिहिलेलं होतं, पो.ख. वर्ग ब, ०.०९.

पो.ख. म्हणजे पोटखराबा, तो सगळ्यांना ऐकून माहीत असतो पण त्यातला अ आणि ब कोणी बघत नाही. अ म्हणजे मालकाचीच पण लागवडीला न येणारी जागा, खडकाळ, खळं, वगैरे. ब म्हणजे सार्वजनिक उपयोगाची, रस्ता, पाऊलवाट, ओढा, नाला. ०.०९ म्हणजे नऊ आर, जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठे वर्ग ब. आणि छापील सातबाऱ्यावर बिल्डरच्या हिश्श्याला पोटखराबा शून्य. मधल्या काळात भावांच्या वाटण्या झाल्या, एका गटाचे तीन पोटहिस्से पडले, त्या फेरफारात एका हिश्श्याला दोन आर लागले आणि बाकीचे सात आर कुठेच लागले नाहीत. कोणाच्या हातून सुटलं, मुद्दाम की चुकून, हे इतक्या वर्षांनी सांगता येत नाही आणि मी तसं रिपोर्टमध्ये लिहिलंही नाही.

मग गाव नकाशा काढला. त्यात ओढा दोन रेषांनी दाखवलेला असतो. या गटात त्या दोन रेषा वरच्या उजव्या कोपऱ्यातून शिरत होत्या आणि तिरक्या जाऊन खालच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडत होत्या, म्हणजे बरोबर मधून. मंजूर प्लॅनवर तोच ओढा कंपाउंडला चिकटून, पट्टीने आखल्यासारखा सरळ. दोन्ही नकाशे एका स्केलचे नव्हते म्हणून मी झेरॉक्सवाल्याकडून मोठा-छोटा करून घेतला आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. ए विंगचं पार्किंग रेषांच्या आत येत होतं. यांचा फ्लॅट ए विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर.

नकाशावरून मी असं ठामपणे बोलू शकत नाही, मोजणी झाल्याशिवाय तर नाहीच. म्हणून म्हटलं एकदा जागेवर जाऊन येऊ. आबांच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला मॅडम मला सुट्टी नाही पण आबा आलेत गावावरून, ते येतील, त्यांना घर बघायचंच आहे. मला खरं तर जरा टेन्शनच आलं, ज्या माणसाने जमीन विकून पैसे दिलेत त्याच्यासमोर हे कसं काढायचं.

जून महिना होता, आदल्या रात्री वळवाचा चांगला एक-दीड तास पडून गेला होता. आबा साठीच्या पुढचे, धोतर नाही, पांढरा पायजमा, टोपी, हातात काठी. सेल्सवाल्या मुलाने आम्हाला आधी वर नेलं, सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीतून तलाव दाखवला. आणि खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होता, मागे डोंगर, पाण्यावर ढगांची सावली. आबा बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यो बांध हाय न्हवं? मग सांडवा कुटंय?" त्या मुलाला सांडवा म्हणजे काय तेच कळलं नाही, बिचारा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी म्हटलं आबा, तलाव भरला की जादाचं पाणी जिथून सुटतं तेच ना? "तेच. आन ते सुटल्यावर कुटं जातं?"

आम्ही खाली उतरलो. आबा गेटकडे न जाता मागच्या रस्त्याकडे निघाले, मी मागोमाग. तिथे रस्त्याखाली जुनी दगडी मोरी आहे. वरच्या बाजूने वाकून बघितलं तर तिचं तोंड एवढं रुंद की एक बैलगाडी सहज जाईल. तळाला गोल गुळगुळीत धोंडे, कडेला उंबर आणि करंज, त्यांच्या मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या, पार माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत. आबांनी काठी त्या चिंध्यांना लावली आणि मला दाखवलं, पाणी इथपर्यंत येऊन गेलंय. मग रस्ता ओलांडून आम्ही खालच्या बाजूला आलो. तिथे ओढा नव्हताच. मोरीच्या समोर काँक्रीटची भिंत आणि त्या भिंतीत एक पाईप. तीन फुटी. आदल्या रात्रीच्या एवढ्याशा पावसाने त्याच्या तोंडाशी फांद्या, थर्माकोल आणि एक गादी येऊन बसली होती आणि पाणी गादीच्या बाजूने झिरपत होतं. भिंतीपलीकडे ए विंगचे पिलर.

आबा काही बोललेच नाहीत. मोरीचं तोंड काठीने मोजलं, पाच काठ्या भरली. पाईप मोजला, एक काठीसुद्धा पूर्ण नाही. परत एकदा मोजला. मग कठड्यावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "ताई, आमचं गाव उजनीत गेलं. मी तवा ईस वर्साचा हुतो. पानी वाड्याच्या पायरीला लागलं तरी माजा आज्जा म्हनत हुता, न्हाई यायचं हितवर."

मी त्यांच्या शेजारी बसले. काय बोलणार. मग मीच माझं सांगितलं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. माझं माहेर सहकारनगरच्या बाजूला, आंबिल ओढ्यापासून जवळ. कात्रजचे तलाव पेशव्यांच्या काळातले, नानासाहेबांनी शहराला पाणी द्यायला बांधलेले, त्यांच्या खालचा तो ओढा, आणि वर्षानुवर्षं आम्ही त्याला नालाच म्हणायचो, नाक दाबून पुलावरून जायचो. त्या रात्री डोंगरावर पाऊस असा कोसळला की तासाभरात सोसायट्यांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, शहर आणि जिल्हा मिळून त्या पावसाने वीसहून जास्त जीव घेतले. माझ्या वडिलांनी अंधारात शेजारच्या आजींना दंडाला धरून जिन्यावर ओढलं होतं, त्यानंतर आठ दिवस त्यांचा हात वर होत नव्हता. सकाळी मी पोचले तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींवर चढलेल्या आणि आईच्या लग्नातली पितळी समई चिखलात उभी. तेव्हापासून मी कोणाचेही कागद बघताना ओढा शोधते. हे मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही पण खरं कारण तेच आहे.

ऑफिसला आल्यावर मी मुलाला आणि सुनेला बोलावलं, रात्री साडेआठला आले. खिडकी ऐवजी मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही नकाशे पुन्हा एकावर एक धरून दाखवले. ती रडली. तो चिडला, माझ्यावरच, आणि मला ते समजू शकतं. म्हणाला मॅडम बँकेने लोन पास केलंय, त्यांचा वकील आहे, त्यांचा इंजिनिअर येऊन गेलाय, एवढ्या मोठ्या बँकेला कळलं नाही आणि तुम्हाला कळलं? हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं म्हणून इथे नीट लिहिते. बँक बघते की तिचे पैसे बुडणार नाहीत ना. गहाण नीट बसतंय का, प्लॅन मंजूर आहे का, बाजारभाव किती. तुमची मुलगी पार्किंगमध्ये सायकल शिकत असताना पाणी कुठून येईल हे बघायचं काम तिला कोणी दिलेलंच नाही. आणि महारेराचा नंबर असतो म्हणजे प्रोजेक्टची माहिती जाहीर करून नोंदणी झाली, सरकारने येऊन जमीन तपासून पास केली असं नसतं. निळी आणि लाल पूररेषा असते ना, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या, ती मोठ्या नद्यांना आखलेली सापडते, गावातल्या ओढ्यांना शोधायला जा, बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही. मग राहतो तो गाव नकाशा आणि तुमचे दोन डोळे.

आबा कोपऱ्यात बसले होते. मुलगा बोलायचा थांबल्यावर एवढंच म्हणाले, "म्या मोजलंय."

त्यावर वाद झाला नाही.

मी रिपोर्टमध्ये स्वतंत्र परिच्छेद टाकला, जुना सातबारा, फेरफार क्रमांक, गाव नकाशा, मंजूर प्लॅन, चारही जोडले आणि लिहिलं की सरकारी मोजणी होऊन ओढ्याची हद्द कायम होईपर्यंत व्यवहार करू नये. बिल्डरच्या ऑफिसातून एक साहेब बोलले माझ्याशी, गोड बोलले, नाला रीतसर वळवलेला आहे म्हणाले. मी म्हटलं वळवायची परवानगी आणि पाईपचा व्यास कोणत्या पावसाच्या हिशोबाने धरला ते गणित, दोन्ही पाठवा, मी परिच्छेद आनंदाने काढून टाकते. मनापासून म्हटलं होतं, कारण त्या जोडप्याला ते घर मिळालं असतं तर मलाही बरंच वाटलं असतं. ते कागद आले नाहीत.

टोकन परत मिळवायला दोन नोटिसा आणि साडेतीन महिने लागले. पुढे त्यांनी धनकवडीत रिसेलचा घेतला, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तलाव सोडा झाडही दिसत नाही समोर. करारावर सही करायच्या दिवशी आबा आले होते. सह्या झाल्यावर त्यांनी पिशवीतून ज्वारीचं पीठ काढून माझ्यापुढे ठेवलं, पाच किलो तरी असेल, आणि म्हणाले, "हुतं तेवड्यातलं हाय." राहिलेल्या रानातलं, एवढाच त्याचा अर्थ होता, पण मला घशाशी काहीतरी आलं.

त्या इमारतीत आता लोक राहायला आलेत. संध्याकाळी हायवेवरून जाताना ए विंगचे दिवे दिसतात. त्या गटाची चौकशी करायला नंतर अजून दोन पार्ट्या माझ्याकडे आल्या. दोघांनाही मी आधी गाव नकाशा दाखवला आणि मग मोरीपाशी घेऊन गेले. एकांनी विचार सोडला. दुसऱ्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फी दिली, आणि फ्लॅट घेतला, तळमजल्याच्या वरचाच. त्यांच्या घरी म्हाताऱ्या सासूबाई आहेत, जिने चढता येत नाहीत म्हणून पहिला मजला. पाऊस जोराचा लागला की मी त्यांना फोन करते. ते उचलतात, म्हणतात सगळं ठीक आहे मॅडम, काल माणूस बोलावून पाईपचं तोंड साफ करून घेतलंय.