‘रिमोट’ म्हणजे नेमके किती दूर?

त्या दिवशी भाषांतराला आलेल्या फाइलमध्ये एका मोठ्या पंपाचे माहितीपुस्तक होते आणि त्यालाच जोडून विक्रीच्या अटी. ट्रान्सलेशन मेमरीने, म्हणजे जुनी भाषांतरे साठवून पुन्हा सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ‘रिमोट’ दिसेल तिथे ‘दूरस्थ’ भरून ठेवले होते. ‘दूरस्थ सर्व्हर’ खपून जाते, पण ‘बिघाडाची दूरस्थ शक्यता’ वाचून कुणाला काय कळणार?

अशा वेळी विशेषण बाजूला ठेवून पुढचे नाम बघायचे. वस्ती असेल तर ‘दुर्गम’, पूर्वज असेल तर ‘दूरचा’, शक्यता असेल तर ‘अगदी कमी’. माणसाच्या वागण्याबद्दल असेल तर ‘अलिप्त’ किंवा ‘तुटक’.

खरी मेख कंट्रोल पॅनलवरच्या निवड-स्विचची होती: लोकल, ऑफ, रिमोट. इथे अंतराचा प्रश्नच नसतो. नियंत्रण कक्ष दहा पावलांवरही असू शकतो. पंपाला हुकूम कुठून मिळणार, एवढेच हा स्विच ठरवतो. ‘रिमोट’वर असताना साधारणपणे जागेवरचे स्टार्ट बटण चालत नाही आणि शेजारी कुणी उभे असले तरी पंप आपोआप सुरू होऊ शकतो. पॅनलवर इंग्रजीच कोरलेले असल्याने ‘रिमोट’ तसेच ठेवले आणि पुढे ‘नियंत्रण कक्षातून चालू-बंद’ असे जोडले. दुरुस्तीआधी मुख्य वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्याची सूचना त्याच पानावर हवीच. नुसता स्विच ‘ऑफ’ करणे पुरेसे नाही.

अटींमध्ये ‘रिमोट’ नुकसानीची भरपाई नाकारली होती. १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लंडमधल्या खटल्यातून हा अर्थ नीट उलगडतो. गिरणीचा तुटलेला दांडा पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. दांड्यावाचून गिरणी ठप्प राहील याची कल्पना त्याला करार करताना दिलेली नव्हती, म्हणून बुडालेला नफा भरपाईत धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ‘दूरस्थ नुकसान’ वाचणाऱ्याला ते दुसऱ्या गावी झालेले नुकसान वाटेल. ‘थेट परिणाम नसलेले, करारावेळी अपेक्षित नसलेले नुकसान’ हे लांबलचक आहे, पण भांडण टाळते.

‘रिमोटली’ वेगळे शोधावे लागते, कारण फाइलमध्ये ‘रिमोट’ हा पूर्ण शब्द म्हणून शोधला तर ‘रिमोटली’ वगळले जाते. ‘रिमोटली ऑपरेटेड’ला ‘दुरून चालवलेला’ जमते. ‘नॉट रिमोटली रिलेटेड’चे मेमरीने ‘दूरस्थपणे संबंधित नाही’ केले होते. तिथे ‘दूरान्वयानेही संबंध नाही’ हे आपले तयारच आहे.