ढकलता न येणारी गाडी

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे जेवणे उरकून सगळी इमारत लवंडलेली असताना, वॉचमन एका पांढऱ्या गाडीला दोन्ही हातांनी ढकलत होता आणि गाडी तसूभरही हलत नव्हती. तिच्या मागे माझी गाडी अडकलेली असल्याने मीही खांदा लावला, पण व्यर्थ. शेवटी वॉचमनने रुमालाने मान पुसली आणि निकाल दिला, "काका, ही बटणवाली आहे. ही नाही ढकलायची." मग इंटरकॉम झाला, पाचव्या मजल्यावरची वामकुक्षी मोडली आणि मालक बनियनवरच चावी घेऊन खाली आले. ते माझ्यावर रागावले होते की स्वतःच्या गाडीवर, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

ज्या इमारती स्कूटरच्या काळात बांधल्या गेल्या, तिथल्या रहिवाशांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. गाडी दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवी लावायची असेल तर स्टिअरिंग सरळ, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक खाली. ज्याला बाहेर पडायचे असेल त्याने ती चार फूट सरकवायची, आपली गाडी काढायची आणि जाताना तिला पुन्हा जागेवर लोटून ठेवायचे. जमीन थोडी उतरती असेल तर चाकाखाली अर्धी वीट. नौपाड्यातल्या कित्येक इमारतींचा संसार या अलिखित करारावर चाललेला आहे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावण्याची एवढी मोकळीक आपण एरवी सख्ख्या भावालाही देत नाही. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी एक बटण, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, असतो; त्या इंजिन बंद होताच आपला ब्रेक आपणच लावून घेतात आणि हा करार एकतर्फी मोडतात. तो लागू न देण्याची युक्ती बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात दिलेली असते, पण ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेले मी फारसे पाहिलेले नाही.

हे बटण तसे अगदी नवेही नाही. 2001 साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीज गाडीत ते आले, मग वरच्या वर्गातून पायरी पायरीने उतरत आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या एसयूव्हींपर्यंत पोहोचले. सुरुवातीच्या काही गाड्यांत जुनीच केबल होती, फक्त ती ओढण्याचे काम हाताऐवजी मोटर करत असे. आता बहुतेक ठिकाणी मागच्या दोन्ही चाकांच्या कॅलिपरवरच, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यावरच, एकेक लहान मोटर बसवलेली असते. बटण ओढले की ती मोटर एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टनला पुढे रेटतो आणि ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घट्ट धरतात. त्या सेकंदाभरात मागून घुर्र असा आवाज येतो. स्क्रू एकदा आवळला की आपण होऊन उलटा फिरत नाही, त्यामुळे ब्रेक धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज लागते ती लावायला आणि सोडायला. घाट उतरून आलेल्या गाडीच्या डिस्क तापलेल्या असतात आणि त्या थंड होताना पकड किंचित सैल पडते, म्हणून काही गाड्या उभ्या केल्यानंतर थोड्या वेळाने आपणहून पुन्हा एकदा घुर्र करतात. अंधाऱ्या पार्किंगमध्ये मोकळ्या गाडीतून असा आवाज आला की माणूस दचकतोच.

माझ्या लहानपणी उभ्या गाडीची खात्री अशी घरबसल्या मिळत नसे. मे महिन्यात काकांच्या मारुती 800 मधून आम्ही नाशिकला जात असू आणि कसारा घाट लागला की पुढच्या डाव्या सीटवर बसलेली आई न बोलता आपला उजवा हात हँडब्रेकच्या दांड्यावर ठेवत असे. तिला गाडी चालवता येत नव्हती, ती शिकायचीही नव्हती. पुढचा ट्रक चढावर थांबला की त्यातून क्लीनर उडी मारून उतरायचा आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. ट्रक निघून गेल्यावर तो दगड तसाच रस्त्यात पडून राहायचा आणि काकांना तो चुकवावा लागायचा. दगड पाहिला की आईची मूठ आणखी घट्ट व्हायची. काका म्हणायचे, "वहिनी, हात काढा, चुकून ओढला जाईल." आई हात काढत नसे. "चुकून कशाला ओढीन? वेळ आली तर ओढीन," एवढेच तिचे उत्तर असे आणि त्यावर काकांना बोलायला काही उरत नसे.

त्याच काकांनी मला दांड्याच्या टोकाचे बटण दाबून धरून मगच हँडब्रेक ओढायला शिकवले, कारण कट्कट् करत ओढल्याने आतले दात झिजतात असे त्यांचे मत होते. मी आजतागायत ते मानलेले नाही. चार-पाच कट्कट् ऐकू आल्याशिवाय गाडी लागली असे मला वाटतच नाही, आणि सातवी-आठवी ऐकू येऊ लागली की केबल ताणलेली आहे, गॅरेजला दाखवायला हवी, हेही त्याच आवाजातून समजते. बटणाच्या बाबतीत डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा, दुसरे काय करायचे.

तरीही घोडबंदर रोडवर संध्याकाळी कापूरबावडीहून गायमुखाकडे सरकताना मी या बटणाच्या, खरे तर त्याच्या शेजारच्या ऑटो होल्डच्या बाजूने मत देईन. गाडी पूर्ण थांबली की ब्रेकच्या नळ्यांतला दाब यंत्रणाच धरून ठेवते आणि पायाला सुटी मिळते. बराच वेळ तसेच थांबावे लागले, किंवा चालकाने पट्टा सोडला, तर काम मागच्या मोटरींकडे सोपवले जाते. बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर अर्धा क्लच, वर ओढलेला हँडब्रेक, बॉनेट किंचित उचलले गेल्याची जाणीव आणि मागे चिकटून उभा असलेला रिक्षावाला, हे सगळे एकाच वेळी सांभाळण्यात मर्दुमकी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती खुशाल गाजवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे परवान्याच्या चाचणीत चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता निघून दाखवावे लागते, ते आम्ही एकदा दाखवलेले आहे. माझ्या पत्नीचे मनगट दुखते आणि तिला तो दांडा शेवटपर्यंत ओढता येत नसे, तेव्हा घरापुरता निकाल लागलेलाच आहे.

गॅरेजवाल्यांचा निकाल वेगळा आहे. मागचे पॅड बदलायचे तर आधी मोटर उलटी फिरवून सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते आणि त्यासाठी गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. वर्तकनगरचे आमचे जुने मिस्त्री म्हणतात, "पूर्वी पान्हा घेऊन बसायचो, आता आधी मशीन लावून गाडीची परवानगी घ्यायची." बॅटरी पार उतरली तर ब्रेक सुटत नाही आणि मागची चाके न फिरणारी गाडी तळघरातून बाहेर काढणे म्हणजे काय, हे टोइंगवाल्यांना विचारावे. जुन्या, ड्रम ब्रेकच्या गाड्याही साधुसंत नव्हत्या. पावसाळ्यात हँडब्रेक लावून गाडी पंधरवडाभर उभी ठेवली की ब्रेकचे शू, म्हणजे आतल्या वाकड्या पट्ट्या, ड्रमला धरून बसायचे आणि पहिल्यांदा हलवताना मागून खाडकन आवाज यायचा. तिथे निदान हातोडीचे चार ठोके उपयोगी पडत.

राहता राहिला आईचा प्रश्न. पायातला ब्रेक दगा देऊ लागला किंवा चालकाला अचानक भोवळ आली तर शेजारच्याने काय करायचे? जुना दांडा चालत्या गाडीत जोरात ओढला तर फक्त मागची चाके जखडतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते, म्हणजे कसाऱ्याच्या वळणावर काकांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. बटणाचे तसे नाही. चालत्या गाडीत ते ओढून धरून ठेवले, तर साधारणपणे चारही चाकांना ब्रेक लावून, घसरण सांभाळत गाडी थांबवली जाते. ते नुसते ओढून सोडायचे नसते, गाडी थांबेपर्यंत धरून ठेवायचे असते. ही यंत्रणा दांड्यापेक्षा निःसंशय चांगली आहे, पण ती बाजूला बसलेल्याला ठाऊक असली तर. घरी मी सगळ्यांना सांगितले आहे आणि पत्नीने उभ्या गाडीत बोट घालून ते कुठवर उचलले जाते तेही पाहून ठेवले आहे. काही गाड्यांत मात्र हे बटण दोन सीटच्या मध्ये नसून चालकाच्या उजव्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डवर असते, म्हणजे डावीकडून हात पोहोचण्याचा प्रश्नच नाही. शोरूममध्ये सनरूफ केवढे आहे हे सगळे विचारतात. डाव्या सीटवर बसून, पट्टा लावून, ते बटण हाताला लागते का हे पाहणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.