पेन्सिलने लिहिलेलं वाक्य

सुवर्णमहोत्सवाचा मेसेज ग्रुपवर आला, त्यात शब्दमर्यादा पाचशे आणि विषय "शाळेने मला काय दिले". पाचशेत माझं भागत नाही, संपादक मंडळाने खुशाल कात्री लावावी, फक्त बाईंचा भाग कापू नये. खरं सांगायचं तर मला शाळेबद्दल फारसं लिहायचंच नाहीये, बाईंबद्दल लिहायचंय. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. जुन्या इमारतीत जिन्याखालच्या लॅबमधल्या विज्ञानाच्या बाई म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

१९८४, नववी ब. चेतासंस्थेचा धडा. बाई मुद्दे सांगायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो. शेवटचा मुद्दा होता, मेंदूतल्या चेतापेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मागच्या बाकावरून आवाज आला (तो आता मोठा कॉन्ट्रॅक्टर आहे आणि ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतो), "बाई, कुणी मोजल्यात का?" वर्ग हसला. आम्हाला वाटलं आता डस्टर येतंय. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी तरी नाही मोजल्या. पुस्तकात आहे म्हणून सांगतेय. असं करा, हे एवढं वाक्य पेन्सिलने लिहा."

झालं असं की सहामाहीला नेमका तोच प्रश्न आला आणि मी शहाणीने सगळं उत्तर पेनने लिहून ते एक वाक्य पेन्सिलने लिहिलं. पेपर तपासायला दुसरे सर होते, त्यांनी वाक्याला लाल गोल करून अर्धा मार्क कापला. मी रडले, अर्ध्या मार्काने माझा दुसरा नंबर गेला होता. बाई माझा पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेल्या, आम्ही चौघीजणी बाहेर खिडकीखाली उभ्या. आतून ऐकू येत होतं, "मुलीची चूक नाही, मीच सांगितलं होतं." "अहो, पण पेन्सिल चालत नाही म्हणजे चालत नाही." बराच वेळ चाललं. बाई बाहेर आल्या, पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "गेला अर्धा मार्क. वाक्य वहीत तसंच ठेव, पेनने गिरवू नकोस."

खूप नंतर मला कळलं की आम्ही नववीत होतो त्याच्या वीस वर्षं आधीच आल्टमन नावाच्या माणसाने पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या मेंदूत नवीन चेतापेशी तयार होताना दाखवल्या होत्या, पण त्याचं कुणी फारसं मनावरच घेतलं नाही, कारण पुस्तकात उलटं होतं. आणि १९९८ मध्ये मी पीएचडी करत असताना एरिक्सन आणि गेज यांचा पेपर आला. कॅन्सरच्या काही रुग्णांना तपासणीसाठी एक रसायन दिलेलं होतं जे नव्याने विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसतं, त्यातल्या पाच जणांचा मेंदू मृत्यूनंतर तपासला तर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी ज्याचा संबंध आहे त्या भागात, त्या खुणेच्या चेतापेशी सापडल्या. तयार झालेली चेतापेशी विभागत नाही हे खरंच, पण तिथे स्टेम सेल असतात आणि त्या नव्या पेशी बनवतात. मी पेपर वाचून आधी घरी फोन केला, माझी नववीची वही आहे का बघा. नव्हती, रद्दीत गेली होती. मग बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, फळ्यावरच्यासारख्याच मोठ्या टपोऱ्या अक्षरात, एकच ओळ, "छान, पण पाचच माणसं आहेत ना?"

बाईंचं बरोबरच होतं म्हणा. २०१८ मध्ये एका गटाने छापलं की मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन चेतापेशी सापडतच नाहीत, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने छापलं की म्हातारपणापर्यंत सापडतात. म्हणजे वाक्य अजून पेन्सिलीतच आहे.

माझं काम पार्किन्सनवर. मेंदूच्या आत खोलवर डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मरत जातात आणि हातापायांच्या हालचाली बिघडतात. औषधं आहेत, पण मेलेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत, म्हणून नवीन पेशी बनवून आत ठेवता येतील का, एवढाच प्रश्न आणि त्याला माझी पंचवीसेक वर्षं गेली. १९८७ पासून स्वीडनमध्ये गर्भाच्या मेंदूतल्या पेशी घालून बघितल्या, काहींना फायदा झाला, पण २००१ मध्ये अमेरिकेतली नीट तुलना करून केलेली चाचणी छापली गेली तेव्हा काही रुग्णांना ताब्यात न राहणाऱ्या हालचाली सुरू झाल्याचं दिसलं आणि सगळं थंडावलं. मग जपानच्या यामानाका या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या कातडीच्या पेशी चार जनुकं घालून उलट्या मागे नेल्या, पार स्टेम सेलपर्यंत, आणि आमच्यासारख्यांना गर्भाशिवाय पेशी मिळायला लागल्या.

बाहेरून हे फार भारी वाटतं. प्रत्यक्षात हे पेशींना जेवू घालायचं काम आहे. आम्ही तसंच म्हणतो, "जेवण घातलं का?" सदतीस डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये प्लेटा असतात, त्यातलं पातळ द्रव्य गुलाबी असतं, पेशींनी खाऊन घाण केली की पिवळं पडतं, मग ते काढून नवीन घालायचं, रविवारीसुद्धा. एकदा दोन महिने वाढवलेल्या सगळ्या प्लेटा बुरशीने गेल्या, सकाळी दार उघडलं तर गढूळ. माझी विद्यार्थिनी तिथेच खाली बसली. मला स्टाफरूमच्या खिडकीखालची मी आठवले. तिला काय बोलावं सुचेना, मग आम्ही दोघींनी मिळून इनक्युबेटर धुतला. परवा मला एक पुरस्कार मिळाला त्याचे फोटो ग्रुपवर कुणीतरी टाकलेत, पण त्या पुरस्काराची अर्धी मानकरी ही मुलगी आहे. आता ती तिची स्वतःची लॅब चालवते.

एक गोष्ट मात्र रागाने लिहिते. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन मेंदूचा कुठलाही आजार बरा करतो म्हणणारे लोक जगभर दुकान मांडून बसलेत. २००९ मध्ये एका मुलाची केस छापून आली होती, त्याला असे उपचार दिल्यावर मेंदूत आणि मणक्यात गाठी निघाल्या आणि त्या दुसऱ्याच्या पेशींच्या होत्या. हे लोक सगळं शाईने लिहितात.

चार वर्षांपूर्वी बाईंचं पत्र आलं. ओळीची सुरुवात नेहमीच्या अक्षरात आणि शेवटाकडे अक्षर बारीक बारीक होत गेलेलं, दुसऱ्या पानावर तर मुंग्याच. मी बघितलं आणि मला कळलं. पार्किन्सनमध्ये होणाऱ्या या अक्षराला आमच्यात नावसुद्धा आहे. तरी मी फोन केला नाही, दोन महिने. मी डॉक्टर नाही, मी प्लेटवाली, मी कसं सांगू, असं स्वतःला सांगत राहिले. याचं वाईट अजून वाटतं. शेवटी फोन करून एवढंच म्हटलं, "बाई, एकदा न्यूरॉलॉजिस्टना दाखवाल का?" त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलंच होतं तू अक्षरावरून ओळखशील, म्हणून तर पत्र लिहिलं." आता गोळ्या चालू आहेत, अक्षर पुष्कळ सुधारलंय.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, जपानमध्ये क्योतोला पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी घालून केलेल्या चाचणीचे निकाल आले तेव्हा बाईंनी स्वतःहून विचारलं, "मग मला कधी?" मी सगळं सांगितलं. सातच रुग्ण, गाठी झाल्या नाहीत, घातलेल्या पेशी डोपामिन बनवतायत असं स्कॅनवर दिसतंय, काहींच्या हालचाली सुधारल्या, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि सगळे पन्नास ते एकोणसत्तर वयाचे. बाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी वयात बसत नाही. पहिलीच्या प्रवेशाला कसं एक वर्ष कमी पडायचं, तसं." आणि हसल्या. मला नाही हसता आलं.

मागच्या खेपेला शाळेत डोकावले तर जिन्याखालची लॅब नाही, तिथे कॉम्प्युटर आहेत. चांगलंच आहे, पण तीन नंबरचा मायक्रोस्कोप कुठे गेला हे कुणालाच सांगता येईना. त्याची क्लिप तुटल्यावर बाईंनी स्वतःची हेअरपिन लावली होती. अडगळीत सापडला तर कृपया विकू नका, दुरुस्तीचं मी बघते.

आणि समितीला एक काम. कार्यक्रमाला बाई येणार आहेत. चालताना, विशेषतः दारात आणि वळताना, त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. त्या वेळी हात धरून ओढायचं नाही, घाई करायची नाही. समोर जमिनीवर आडव्या रेघा असल्या की एकेक रेघ ओलांडत त्या छान चालत येतात, मी बघितलंय. तेव्हा हॉलच्या दारापासून स्टेजच्या पायरीपर्यंत एकेका पावलाच्या अंतराने रेघा मारून ठेवा. खडूच्या चालतील.