तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींच्या शाळेत 'शारदा' नाटकातला म्हातारा भुजंगनाथ कोण करणार?

स्नेहसंमेलन जवळ आलं की हा प्रश्न येतोच. कधी पालकसभेत, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी आमच्याच स्टाफरूममध्ये. "बाई, मुलींना मिशा चिकटवून उभं करण्यापेक्षा शेजारच्या शाळेतली मुलं का घेत नाही? पुरुषाचं काम पुरुषानं केलेलं कसं शोभून दिसतं!" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. आजवर "बघू पुढच्या वर्षी" म्हणून मी वेळ मारून नेली. पण गेल्या महिन्यात माझ्याच एका माजी विद्यार्थिनीनं, आता तिची मुलगी आमच्याकडे सहावीत आहे, हेच विचारलं तेव्हा वाटलं, आता एकदा सगळं सांगून टाकावं.

आधी ते "शोभून दिसण्या"चं बघू. ही सांगली-मिरज आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं ते इथं, आणि त्यातली सीताही पुरुषच होता. भाऊराव कोल्हटकरांची 'सौभद्र'मधली सुभद्रा ऐकायला लोक गावोगावहून येत. बालगंधर्वांनी शकुंतला म्हणून पहिल्यांदा पाऊल टाकलं ते मिरजेच्या रंगभूमीवर, आणि त्यांच्या शालूची, नथीची, अंबाड्याची नक्कल घरंदाज बायका करत. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं मिशा काढलेल्या पुरुषांनी बाई केली ती शोभली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट ठरली होती. आणि आज नववीतल्या मुलीनं धोतर नेसलं की तेवढं मात्र डोळ्यांना खुपतं. का खुपतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुसरी गोष्ट गळ्याची. जे गाणं शिकवत नाहीत त्यांच्या हे लक्षात येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आठवी-नववीतल्या मुलाचा आवाज फुटत असतो. तालमीला काळी एक या पट्टीत बरा लागलेला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, प्रयोगाच्या संध्याकाळी लागेलच असं नाही. मुली काळी चारला, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत गाणाऱ्या. एकाच प्रवेशात नायिकेचं पद एका पट्टीत, नायकाचं दुसऱ्या, आणि मधल्या दोन वाक्यांत पेटीवाल्या सरांनी स्वर बदलायचा, तबला उतरवायचा किंवा दुसरा चढवून ठेवायचा. नाटक कंपनीला ते जमतं. आमच्याकडे एक पेटी, एक तबलाजोडी आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा. (मिरजेचा खरा तानपुरा आहे, पण तो मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत कपाटावर असतो.) सगळ्या मुलीच असल्या की नायक आणि नायिका एकाच पट्टीत गातात, आणि संगीत नाटक बसवताना याच्याइतकं सुख दुसरं नाही.

तिसरं कारण साधं आहे. जुन्या नाटकांत पुरुष पात्रं जास्त. ती बाहेर दिली तर मुलींच्या शाळेत मुलींच्या वाट्याला काय उरतं? एक नायिका, एक मैत्रीण, एखादी काकू, आणि बाकी तीसजणींनी फेर धरून गाणं म्हणायचं.

ही झाली उत्तरं, आणि ती खरीच आहेत. पण एवढ्यावर थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

मी या शाळेत नवी आले तेव्हा माझं मत नेमकं तुमच्यासारखं होतं. कॉलेजात एकांकिका केलेल्या, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची हवा डोक्यात, मुलामुलींनी मिळून रात्र रात्र तालमी करायच्या याची सवय. मुलींच्या शाळेतलं नाटक मला भित्रं वाटायचं. संस्थेला मुलगे नकोत ते कलेसाठी थोडेच, तालमीच्या निमित्तानं काही 'प्रकरण' होऊ नये म्हणून. हे मी तेव्हा शाळेच्या वार्षिकात जवळजवळ याच शब्दांत लिहिलंही होतं. ते आज वाचते तेव्हा त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, वाद घालावासा वाटतो. कारणाबद्दल तिचं बरोबर होतं. संस्थेला भीतीच होती आणि आजही आहे. पण भीतीपोटी बंद केलेल्या दाराच्या आत काय उगवतं, हे तिनं अजून पाहिलं नव्हतं. तिला कॉलेजात आई, वहिनी आणि नर्स याखेरीज काही मिळालं नव्हतं, आणि याचं तिला वाईटही वाटलं नव्हतं.

आता भुजंगनाथाचं सांगते.

त्या वर्षी गो. ब. देवलांचं संगीत नाटक 'शारदा' घेतलं होतं. संक्षिप्त, तासाभराचं. नाटक १८९९चं, पण आमच्या मुलींना ते दूरचं नाही. हरिपूर इथून हाकेच्या अंतरावर. कृष्णा-वारणेच्या संगमावर आम्ही मुलींना घेऊन गेलो होतो. देवल बसून लिहायचे असं सांगतात त्या पारावर बसून पहिलं वाचन केलं. वाचनात मी सगळ्यांना सगळ्या भूमिका वाचायला देते. भुजंगनाथ म्हणजे पाऊणशे वयाचा, पैशाच्या जोरावर कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालेला म्हातारा. तो वाचताना प्रत्येक मुलीनं कंबर वाकवली, खोकून दाखवलं, आवाज कापरा केला. सगळ्या हसल्या. मग नववीतली एक मुलगी उठली. अंगानं थोराड, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, गाण्याच्या तासाला फारसं तोंड न उघडणारी.

ती वाकली नाही. ताठ उभी राहिली, हातातली पट्टी काठीसारखी धरली आणि शारदा वाचणाऱ्या मुलीकडे बघितलं. पायांपासून सुरुवात केली. हळूहळू नजर वर आणली. मध्ये थांबली. मग परत खाली नेली. तोवर एक शब्द बोलली नव्हती. शारदा वाचणाऱ्या मुलीनं नकळत वही छातीशी धरली. कुणी हसलं नाही.

वाचन झाल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "हे असं बघणं कुठून काढलंस गं?" ती म्हणाली, "बाई, स्टँडवर बघतात ना, तसं." आणि पाणी प्यायला गेली.

मी तिला भुजंगनाथ दिला. तालमींत तो वाढत गेला. खोकला नाही, विनोद नाही. पानाचा डबा उघडून, सुपारी निवडत निवडत लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताशी ती मुलीच्या किमतीची बोलणी करायची. आवाज खालच्या पट्टीत, गोड. बाजारात हळदीचा सौदा करावा तसा. ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की हे नाटक विनोदी म्हणून बसवायची सवय आपल्याला का लागली आहे. हसलं की सुटका होते.

रंगीत तालमीला संस्थेची मंडळी येतात. ड्रेपरीवाल्याकडून पगडी, अंगरखा, उपरणं आलं होतं. दोन वेण्या घट्ट गुंडाळून पगडीखाली बसवल्या, लेगिंगवर धोतर नेसवून कमरेला नाडी आवळली, स्पिरिट गम लावून पांढऱ्या मिशा चिकटवल्या. ती आरशात बघून काही बोलली नाही. प्रवेश सुरू झाला. ती नजर आली, पायांपासून वर. समोरच्या खुर्च्यांवर चुळबुळ झाली. तालीम संपल्यावर मला ऑफिसात बोलावलं. "काम चांगलं करते, पण हे मुलीला शोभत नाही. पालक काय म्हणतील? चौदा-पंधरा वर्षांची पोर अशी बघते, हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, ती बघत नाहीये, भुजंगनाथ बघतोय. त्यावर एकजण म्हणाले, "तेच तर. मग ते काम मुलग्यालाच द्या ना."

आणि दिला. प्रयोग आठवड्यावर आलेला. शेजारच्या शाळेतून दोन मुलगे आले, एक भुजंगनाथाला आणि एक नायक कोदंडाला. आणायचेच तर दोन आणू, असं ठरलं. चांगली मुलं होती ती. वेळेवर येत, पाठांतर चोख, मला वाकून नमस्कार करत. भुजंगनाथ करणारा कंबर वाकवून खोकला आणि सभागृहात हशा उसळला. कोदंडाचा आवाज पहिल्याच पदात चिरला, पेटीवाल्या सरांनी सांभाळून घेतलं, पोरगा रंगमंचावरच रडवेला झाला. त्यात त्याची काही चूक नव्हती. त्या वयात त्याच्यावर ते ओझं टाकायलाच नको होतं.

आणि तिला शारदेच्या मैत्रिणींत घातलं. म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करणारं पद मैत्रिणी म्हणतात, त्यात ती मागच्या ओळीत, परकर-पोलक्यात, कानात डूल घालून. सुरात गायली. ठेका चुकली नाही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पुढच्या वर्षी दहावी म्हणून नाटकात नव्हती, आणि त्यानंतर ती कुठल्या नाटकात उभी राहिल्याचं माझ्या कानावर नाही.

लोकांना प्रयोग फार आवडला होता. आजही कुणी कुणी सांगतं, "बाई, तो म्हातारा काय झाला होता हो!"

तर "मुलं का घेत नाही" या प्रश्नावर माझ्या तोंडून जे तुटक उत्तर निघतं, त्याच्या मागे हे आहे. मुलग्यांवर माझा राग नाही. राग याचा आहे की 'मुलगे घ्या' ही सूचना कलेसाठी म्हणून येते आणि दर वेळी एखाद्या मुलीनं काहीतरी जास्त खरं केलं की तेव्हाच येते. मुलीनं शिवाजी केला की टाळ्या, नारद केला की कौतुक. मुलीनं लंपट म्हातारा नेमका केला की मात्र तो कुणा मुलग्याला द्यायचा, म्हणजे तो परत हसण्यापुरता उरतो.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ऑफिसातली ती वाक्यं मला पुन्हा ऐकू येतात, आणि ती सगळीच टाकाऊ वाटत नाहीत. स्टँडवरची ती नजर त्या मुलीनं सोसलेली होती. ती रोज संध्याकाळी तालमीत पुन्हा अंगात आणायला लावणं, तिच्या बरोबरीच्या मुलीवर ती रोखायला लावणं, हे शिक्षिकेचं काम आहे का? तिला त्यातून बळ मिळत होतं असं मला वाटायचं. तालमीनंतर ती मोठमोठ्यानं बोलायची, हसायची, पहिल्या बाकावर येऊन बसायला लागली होती. पण हे माझं वाटणं. तिला मी कधी विचारलं नाही, आणि जिला शारदा दिली होती तिलाही नाही. १९२९च्या बालविवाहबंदीच्या कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं ते चौदा. म्हणजे माझ्या नववीच्या वर्गाचं वय. या वयाच्या मुलींना हे नाटक नुसतं हसत हसत करायला लावणं बरोबर, की त्यातलं भय समजून उमजून करायला लावणं बरोबर, याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. भय दाखवणाऱ्या बाजूला मी जास्त झुकते, एवढं खरं.

आणि माझं तेव्हाचं ते वार्षिकातलं मत? तेही पुरतं खोडता येत नाही. मुलगे-मुली एकत्र नाटक करत नाहीत म्हणून एकमेकांना ओळखतच नाहीत, हे मी रोज बघते. ज्या मुलग्यानं शाळेत कधी मुलीबरोबर तालीम केली नाही तो पुढे स्टँडवर काय करतो, हाही प्रश्न आहेच. मुलींची शाळा मुलींना मोकळं करते असं मी म्हणते तेव्हा ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत खरं असतं, हे मला कळतं.

यंदा पुन्हा 'शारदा' घ्यावं असं माझ्या मनात आहे. शेजारच्या शाळेतल्या सरांचा फोन आला होता. त्यांची मुलं पाठवायची तयारी आहे. मी हो म्हटलंय. फक्त भूमिका वाचनातून ठरतील, सगळे सगळ्या भूमिका वाचतील, आणि त्यांच्या मुलांपैकी कुणाला शारदेची आई इंदिराकाकू किंवा स्वतः शारदा मिळाली तर त्यानं नऊवारी नेसून ती करायची, असं कळवलंय. १८९९ साली तसंच झालं होतं, तेव्हा कुणी नाक मुरडलं नव्हतं. सर म्हणाले, पालकांना विचारून सांगतो. अजून त्यांचा फोन आलेला नाही.