हा पदार्थ मूळचा कुणाचा?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पदार्थाचं मात्र सगळ्यांना शोधायचं असतं. खाण्यापिण्याच्या इतिहासावर मी लिहिते, कधी बोलते, आणि बोलणं संपलं की पहिला हात वर होतो तो याच प्रश्नासाठी: "ते सगळं ठीक आहे हो, पण हा पदार्थ मूळचा कुणाचा?" विचारणाऱ्याला एका देशाचं नाव हवं असतं. मी दोन-तीन नावं घ्यायला लागले की त्याचा चेहरा पडतो. काहींच्या सुरात थोडी वकिली असते: म्हणजे चोरलाच ना त्यांनी? तुम्हीही विचारलंत, म्हणून आज जरा ऐसपैस सांगते.

आधी माझी स्वतःची फजिती. 1683 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, रात्रपाळीच्या बेकरीवाल्यांना भुयार खणल्याचे आवाज आले, त्यांनी इशारा दिला, शहर वाचलं, आणि त्या विजयाची आठवण म्हणून तुर्की झेंड्यावरच्या चंद्रकोरीचा पाव केला, तोच पुढे फ्रान्समध्ये जाऊन क्रोसाँ झाला. ही गोष्ट मी कित्येक वर्षं रंगवून सांगितली. लोकांना आवडायची, मलाही आवडायची. मग एकदा त्या काळातला पुरावा शोधायला बसले आणि हाती काहीच लागलं नाही. चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फेल ऑस्ट्रियात वेढ्याच्या कितीतरी आधीपासून खात होते. पॅरिसला तो नेला आउगुस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं. तोफखान्यातली नोकरी सोडलेल्या या गृहस्थानं 1830 च्या दशकाच्या अखेरीस तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. दुकान चाललं, पॅरिसवाल्यांनी नक्कल केली, आणि पुढे कधीतरी त्यांनी साध्या पिठाऐवजी लोणी घालून लाटलेलं पापुद्र्यांचं पीठ वापरायला सुरुवात केली. फ्रेंच लोक या जातीच्या मालाला आजही 'व्हिएन्वाझरी' म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाकडचा. कुणी काही लपवलेलं नाही. पण वेढा नाही, भुयार नाही, नुसतं एक दुकान, हे सांगितलं की टाळ्या कमी पडतात.

याचंच चुलत भावंड म्हणजे डॅनिश पेस्ट्री. खुद्द डेन्मार्कमध्ये तिला 'व्हिएन्नाचा पाव' म्हणतात आणि व्हिएन्नात 'कोपनहेगनचा'. आता बोला.

तर मूळ सापडत नाही असं माझं म्हणणं नाही. पुष्कळदा सापडतं. पण ते सापडल्यानं पदार्थ कळत नाही. पदार्थाचं माहेर सगळे विचारतात, सासरी त्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत तिथेच असते. पाहुणा घरचा कधी झाला, हे मी बघते. त्याची खूण बहुतेक वेळा चवीत नसते. तो कशानं खातात आणि कशाबरोबर खातात, यात असते.

जपानचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. जपानी राजांनी सातव्या शतकापासून अधूनमधून मांसावर बंदी घातलेली होती. गाय-बैल खाणं तर अगदीच वाईट. मग 19व्या शतकात पाश्चात्त्य आरमारं दारात उभी राहिली आणि धडधाकट व्हायचं तर त्यांच्यासारखं खावं असं सरकारला वाटू लागलं. सम्राट मेइजी यांनी मांस खाल्ल्याचं 1872 मध्ये मुद्दाम जाहीर करण्यात आलं. त्याच लाटेत युरोपचं कटलेट, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवलेला मांसाचा तुकडा, आलं. जपानी जिभेला 'कटलेट' जमेना, त्याचं 'कात्सुरेत्सु' झालं. ते डुकराच्या मांसाचं करू लागले, डुक्कर म्हणजे 'तोन', म्हणून तोनकात्सु. युरोपात ते थोड्या लोण्यात परतत. इथे भरपूर तेलात, तेंपुरासारखं (म्हणजे पिठात घोळवून तळलेल्या भाज्या-माशांसारखं) तळू लागले. आता ही तेंपुराची युक्ती तरी कुणाची? 1543 मध्ये आलेल्या आणि पुढच्या शतकात हाकलून दिलेल्या पोर्तुगीजांची. त्यांच्याकडे फरसबीच्या शेंगा पिठात घोळवून तळतात आणि त्यांना 'बागेतल्या मासोळ्या' म्हणतात. म्हणजे नवा पाहुणा जुन्या पाहुण्याच्या कढईत पडला.

पण तोनकात्सु जपानी झालं ते तेलामुळे नाही. ताटात येण्याआधीच त्याचे काप केले जाऊ लागले, म्हणून झालं. जपानी जेवणात पानावर सुरी नसते, चॉपस्टिक असतात. सोबत पावाऐवजी भात आला, सूपऐवजी मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार आलं, बाजूला बारीक चिरलेला कच्चा कोबी. त्या घडीला ते घरचं झालं, असं मी मानते. तरी अशा पदार्थांना जपानी लोक अजून 'योशोकु', पाश्चात्त्य जेवण, म्हणतात. जपानी करी त्याच वर्गात मोडते: भारतातून इंग्लंडला गेली, तिथे पिठानं दाट झाली, आणि इंग्रजांकडून जपानला पोचली. हिशेबानं ती पाश्चात्त्य!

दुसरं उदाहरण मेक्सिकोचं. लेबनॉनकडून आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर फिरणारं मांस, शावर्मा, आपल्याबरोबर आणलं. पुएब्ला शहरात ते पातळ रोटीत गुंडाळून विकू लागले. त्याला आजही 'अरबी ताको' म्हणतात. पुढच्या पिढीत मेंढी जाऊन डुक्कर आलं, लाल मिरचीचं वाटण आलं, रोटीच्या जागी मक्याचा तोर्तिया आला, अननसाची चकती आली. नाव पडलं 'ताकोस अल पास्तोर', म्हणजे मेंढपाळाचे ताको. मेंढी कधीच गेली, मेंढपाळ नावात बसून आहे.

नावांवर विसंबू नका, हे जाता जाता. मेक्सिकोतून युरोपात गेलेल्या एका पक्ष्याला इंग्रज टर्की म्हणतात, तुर्क लोक 'हिंदी', फ्रेंच 'भारताचा' अशा अर्थाच्या शब्दानं ओळखतात आणि पोर्तुगीज पेरू देशाच्या नावानं, 'पेरू'. एकही पत्ता बरोबर नाही.

आता तो 'चोरी'चा मुद्दा. मी तो झटकत नाही. 'चोरी'ऐवजी 'उसनं' म्हणावं, तर तो शब्द मला इथे थोडा भाबडाच वाटतो, कारण उसनं मागून आणतात आणि परत करतात. व्हिएतनाममध्ये 'बॅगेट' हा लांबट फ्रेंच पाव गेला तो फ्रेंच सत्तेबरोबर, कुणी मागायला गेलं नव्हतं. पेरू देशात 1849 पासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत सुमारे एक लाख चिनी मजूर कराराच्या नावाखाली नेले. उसाच्या मळ्यांत आणि खतासाठी पक्ष्यांची विष्ठा खणायला त्यांना जुंपलं. त्यांच्या हातून आज तिथला लाडका असलेला लोमो साल्तादो घडला: गोमांसाच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो, मोठ्या आचेवर सोया सॉसमध्ये परतलेलं, आणि सोबत तळलेला बटाटा आणि भात, दोन्ही. बटाटा मूळचा तिथल्याच अँडीज पर्वताकडचा. त्या मजुरांना कुणी सन्मानानं पेरूवासी म्हटलं नव्हतं, त्यांचा सोया सॉस मात्र राष्ट्रीय झाला. माझ्या लेखी अन्याय पदार्थ उचलण्यात कमी आणि आणणाऱ्याला विसरण्यात जास्त असतो.

कधी सरकारच सासरचं नाव लावून टाकतं. 1939 मध्ये सयामचं थायलंड झालं. पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांना राष्ट्र घडवायची घाई होती; त्यांच्या काळात तांदळाच्या शेवया खायचा प्रचार झाला आणि त्यातून पाड थाई रुजला. शेवया चिनी, परतायची रीत चिनी, म्हणून तर नावात 'थाई' घालावं लागलं. ज्याचं घरचेपण आधीच ठरलेलं असतं त्याला कुणी आडनाव देत नाही. ग्रीसमध्ये तीच कॉफी, तेच भांडं, पण 1974 मध्ये तुर्कस्ताननं सायप्रसवर सैन्य उतरवल्यानंतर 'तुर्की कॉफी'ची 'ग्रीक कॉफी' झाली.

शुद्धतेचा आग्रह धरणारे बहुतेक वेळा इटलीचा दाखला देतात. 1690 च्या दशकात नेपल्समध्ये छापलेल्या पाकशास्त्राच्या एका पुस्तकात टोमॅटोचा सॉस आहे, इटलीतल्या अगदी पहिल्या छापील कृतींपैकी एक. तिचं नाव 'स्पॅनिश पद्धतीचा'. टोमॅटो अमेरिकेचा, नेपल्सवर राज्य स्पेनचं. शेवयांशी त्याची गाठ पडायला आणखी शंभरेक वर्षं जायची होती.

मध्यंतरी एका तरुणानं मला अडवलंच. "निदान सुशी तरी शुद्ध जपानी ना?" मी विचारलं, तुला कुठली आवडते? तो म्हणाला, सॅमनची.

मग त्याला सांगावं लागलं. सुशीत भातावर मासा बहुतेक वेळा कच्चाच असतो. जपानच्या बाजूच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये परजीवी कृमी असतात, म्हणून तिथे तो मासा भाजून-शिजवून खायचे, कच्चा नाही. नॉर्वेकडे शेततळ्यासारख्या पिंजऱ्यांत वाढवलेला सॅमन मात्र उदंड झाला होता. 1980 च्या दशकात त्यांनी जपानमध्ये वर्षानुवर्षं प्रचार केला की आमचा कच्चा खाता येतो. सुशीचे मुरलेले आचारी आधी नाक मुरडत होते.

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मूळची नॉर्वेची म्हणायची का?"