आनापान, सांचिन आणि कुमितेतली फट

गेल्या नोंदीत म्हटलं होतं, हिवाळाभर कराटेतला नवा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) शिकायचा नाही. तेवढं पाळलं. सकाळी आधी आनापान (श्वासावरचं ध्यान), मग किहोन (मूलभूत तंत्रांचा सराव), मग सांचिन आणि हेइआन शोदान हे दोन काते. बस. बेल्टची घाई असणाऱ्यांना हे रटाळ वाटेल, वाटू दे.

आनापान आणि सांचिन पाठोपाठ केले की गंमत कळते. आनापानसती सुत्तात (मज्झिम निकाय, ११८) सुरुवातीलाच सांगितलंय: श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. त्यात ढवळाढवळ करायची नाही. सांचिनमध्ये नेमकं उलटं. मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांच्या गोजू-र्यू या कराटे शैलीत श्वास मुद्दाम ओढायचा, घशातून आवाज काढत सोडायचा, आणि पोट, नितंब, मांड्या सगळं आवळून ठेवायचं. एकीकडे नुसतं बघायचं, दुसरीकडे लगाम हातात घ्यायचा. सुरुवातीला मला यातलं एक दुसऱ्याला मारक वाटायचं. आता वाटत नाही, कारण बसल्यावर जे दिसतं ते उभं राहिल्यावर उपयोगी पडतं. बसलेलं असताना उच्छ्वासाच्या शेवटी एक बारीकसा अडखळा जाणवायचा. तोच सांचिनमध्ये सापडला: श्वास संपत आला की उजवा खांदा कानाकडे सरकतो. खांदा दाबून धरला तर मान ताठते. श्वास पूर्ण न पिळता थोडा राखून ठेवला की खांदा आपोआप खाली राहतो.

किबा-दाचीत (घोडेस्वारासारखं पाय फाकून, गुडघे वाकवून) जास्त वेळ उभं राहणं हा वेदनानुपश्यनेचा (संवेदना नुसत्या बघण्याच्या ध्यानाचा) सगळ्यात स्वस्त वर्ग. मांड्या पेटतात, आणि त्याच क्षणी डोक्यात ‘संपव आता’ सुरू होतं. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, ही साखळी पुस्तकात वाचणं वेगळं आणि मांडीत बघणं वेगळं. नीट पाहिलं तर ती आग एकसंध नसते. आधी मांडीच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्याच्या वर, मध्येच काही क्षण गायब. एक मात्र सांगतो: स्नायूची जळजळ बघत राहा, पण गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं तर सरळ उठा. ध्यानाच्या नावाखाली सांधे घालवण्यात काही अर्थ नाही.

खरी प्रगती कुमितेत (जोडीदारासोबतच्या लढतीत) आहे, आणि ती बाहेरून फारशी दिसणार नाही. वेग वाढलेला नाही, गुणही नाहीत. समोरच्याने नुसता खांदा हलवून हूल दिली की माझा हात गेदान बराईला (खालचा वार अडवायला) जायचा, वार नसतानाही. आता कधीकधी हाताआधी पोटातला गोळा कळतो. तो कळला की हात जागीच राहतो. रोज होत नाही, दमल्यावर तर अजिबात नाही, पण होतं. कामाकुरातल्या एन्गाकु-जी या झेन मंदिरात शोतोकान कराटेचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांचं स्मारक आहे आणि त्यावर ‘कराटेत पहिला वार नसतो’ हे त्यांचं वचन कोरलंय. मी ते आजवर फक्त मुठींबद्दल धरत होतो.

आता कुणीतरी बोधिधर्म या बौद्ध भिक्षूची गोष्ट काढणारच, म्हणून आधीच: चीनमधल्या शाओलिन मठात त्यानेच लढण्याची विद्या शिकवली याला भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. कराटे ओकिनावात घडलं, तिथली ‘ते’ नावाची लढण्याची पद्धत आणि चिनी पद्धती मिसळून. सरावाला त्या दंतकथेची गरजही नाही.

अडलंय कुठे? संध्याकाळच्या वर्गानंतर बसलं की थीनमिद्ध, म्हणजे सरळ पेंग. नीवरणांच्या (ध्यानातल्या अडथळ्यांच्या) यादीतलं हे तिसरं माझ्या अगदी घरचं झालंय. चालून चालून पायांतून रक्त काढणाऱ्या सोण या भिक्षूला बुद्धांनी वीणेच्या तारेचं उदाहरण दिलं होतं: फार ताणलेली नको, फार सैल नको. माझी तार संध्याकाळी लोंबते, म्हणून बैठक आता वर्गाआधी हलवलीय.

झांशिनही (तंत्र संपल्यावरही टिकवायची सावधता) कच्चंच. हेइआन शोदानचा शेवटचा शुतो-उके (तळहाताच्या कडेने वार अडवणं) झाला की नजर अजून लगेच सैल पडते.

पुढे तेक्की शोदान हा काता घेणार, सगळा किबा-दाचीतच असल्यामुळे. जे तो करतात त्यांनी सांगा: बाजूला पाऊल ओलांडताना श्वास सोडता की धरून ठेवता? मला दोन्ही प्रकारे तोल जातोय.